एका पानात दहा ओव्हर

हिरामणने आयुष्यात कधी बॅट हातात धरली नाही, पण चामटोलीपासून अंबरनाथपर्यंत एकाही मैदानावर त्याच्याशिवाय टॉस उडत नसे. तो स्कोअर लिहायचा. चाळीस वर्षं लिहिला. एकदा रस्त्याकडेच्या मैदानात कुणीतरी मारलेला चेंडू कॅम्प तीनच्या बाजारातून जीन्सचे गठ्ठे घेऊन चाललेल्या टेम्पोवर जाऊन बसला. चेंडू हरवला असं म्हणायची सोय नव्हती, कारण तो सगळ्यांना दिसत होता. मग फिल्डर टेम्पोमागे धावले, बॅट्समन खेळपट्टीवर धावले, आणि टेम्पो अंबरनाथच्या सिग्नलला थांबेपर्यंत हिरामणने एकसष्ट रन लिहिले. ज्याला पटत नसे त्याला तो वही काढून दाखवी. वहीत बरोबर एकसष्टच असत.

पण त्याचं खरं नाव झालं ते सहाव्या चेंडूमुळे. फायनल होती. शेवटची ओव्हर टाकत होता हिरामणचाच मुलगा महेश. चामटोली एका रनने जिंकली, ढोल वाजले, गुलाल उडाला, कप उचलला गेला. आणि हिरामण वही घेऊन मैदानाच्या मधोमध येऊन उभा राहिला. म्हणाला, ओव्हर पाच चेंडूंची झाली, एक बाकी आहे. अंपायरने बोटं मोजली आणि मान खाली घातली. गुलालाने लाल झालेल्या महेशने सहावा चेंडू टाकला. तो ज्या झाडावर गेला, त्या झाडाला पुढची दोन वर्षं फळ धरलं नाही असं गावात म्हणतात. कप अंबरनाथला गेला. त्या वर्षी हिरामणला एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही, आणि घरात महेश त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही.

आता या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. महेश कात्रपला एका दुकानात कामाला जातो, आणि त्याची बायको अक्षदा घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते. कानाला हेडफोन लावते, डॉक्टर लोक तिकडून बोलतात आणि ती ऐकून टाइप करते. तिचं लेकरू सात महिन्यांचं. ते सासूच्या, म्हणजे विठाच्या मांडीवर असतं. रडलं की अक्षदा दोन मिनिटं उठते आणि परत येऊन बसते. असं सगळं छान चाललेलं.

बिघडलं ते इंटरनेटमुळे. दुपारपर्यंत एकदा-दोनदा लाइन जायची. मिनिटाभरात यायची, पण तेवढ्यात तिकडचा डॉक्टर अर्ध्या वाक्यात तुटलेला असायचा. मंगळवारी तिच्या वरच्या प्रीती मॅडमचा फोन आला. बाई आवाजाने गोड, पण बोलणं पक्कं. लाइन का जाते आणि ती दुरुस्त झाली का, हे केबलवाल्याकडून लेखी आणायचं, कागदावर, पुराव्यासकट. सोमवारपर्यंत. नाही आणलं तर मंगळवारपासून ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बसायचं.

चामटोलीहून ऐरोली म्हणजे सकाळी लेकरू झोपलेलं असताना निघायचं आणि रात्री झोपल्यावर यायचं. अक्षदा रडली नाही. फोन ठेवून तिने फक्त लेकराच्या धुतलेल्या लंगोटांच्या दोनदा घड्या केल्या. पहिल्यांदा केलेल्या घड्या मोडून पुन्हा केल्या. हिरामण दारात बसून ते बघत होता. तो उठला, पेटीतून जुनं घड्याळ काढून मनगटाला बांधलं. हे घड्याळ तो फक्त मॅचला बांधायचा.

बुधवारी दुपारी बाराला केबलवाला सनी आला. गावातलाच पोरगा, पण खिशात चार मोबाइल, त्यामुळे चालताना चारी बाजूंनी वाजायचा. त्याने डबी तपासली, वायर तपासली आणि सांगितलं की लाइन एकदम ओके आहे, घोळ तुमच्याकडे आहे. हिरामण म्हणाला, रोज जाते. सनीने विचारलं, कोण म्हणतं? हिरामण म्हणाला, मी म्हणतो.

"काका, तू म्हणतोस म्हणून मी लिहून देऊ? उद्या अख्खा गाव म्हणेल." सनी हसला. "थांब, तुला मशीनच देतो."

घरात एक जुना कॉम्प्युटर होता. महेशने कॅम्प तीनमधून जुना म्हणून घेतलेला. अक्षदाला लॅपटॉप मिळाल्यापासून त्याच्यावर विठाच्या पापडांचं ताट वाळायचं. सनीने ताट उचललं, कॉम्प्युटर चालू केला, लाइन जोडली आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडून त्यात काहीतरी टाइप केलं. खिडकीत पांढरी अक्षरं एकाखाली एक पडायला लागली. सेकंदाला एक ओळ.

"याला पिंग म्हणतात," सनी म्हणाला. "इथून हाक जाते, तिकडून ओ येते. ओ आली की रिप्लाय लिहितो. नाय आली तर लिहितो, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. आता हे चालू दे. लाइन कुठे तुटते ते मला कागदावर दाखव, मी सही करतो. तोंडी नाय."

त्याला वाटलं, म्हाताऱ्याला खेळणं दिलं. पण हिरामणला त्या एवढ्या बोलण्यातला एकच शब्द ऐकू आला होता. आउट.

त्याने स्टूल ओढलं, वही उघडली आणि लिहायला बसला. रिप्लाय आला की टिंब. सहा टिंबं झाली की उभी रेघ, ओव्हर पूर्ण. चाळीस वर्षांत असा बॉलर त्याने बघितला नव्हता. सेकंदाला एक चेंडू, ना रनअप, ना पॅन्ट वर ओढणं, ना थुंकणं. पावणेएकच्या थोडं आधी आतून अक्षदाचा "हॅलो, हॅलो, डॉक्टर?" असा आवाज आला आणि त्याच क्षणी पडद्यावर पहिला आउट पडला. मग आणखी दोन. मग एक रिप्लाय. मग पुन्हा आउट. हिरामणचं बोट आपोआप वर गेलं. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली: आउटची ओळ पडायला चार-पाच सेकंद जातात. नवा भिडू मैदानात यायला वेळ लागतो तसं. त्याने तेही समासात लिहून ठेवलं.

संध्याकाळी त्याने वही सनीला दाखवली. सनीने पानं उलटली. बावीस पानं नुसती टिंबं.

"काका, हे तू लिहिलंयस."

"मग कोण लिहिणार?"

"कॉम्प्युटरने लिहिलेलं पायजे. छापलेलं."

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. पण वही कुणाची आणि पुरावा कुणाचा, हा फरक हिरामणला कळत होता. समोरच्या टीमचा स्कोअर त्यानेही कधी तोंडी घेतला नव्हता. छापलेलं हवं ना, छापून देतो, एवढं बोलून तो घरी आला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला त्याने पिंग सुरू केलं आणि अडीच तास चालू दिलं. मध्ये आउट पडले, त्याने डोळ्यांनी बघितले. मग महेशला दुकानात फोन लावला. महेश गिऱ्हाइकाच्या गडबडीत होता. त्याने सांगितलं, सोप्पं आहे, कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, कॉपी होतं, जगात सगळीकडे असंच होतं. जगात सगळीकडे होत असेल, पण काळ्या खिडकीचा कायदा वेगळा निघाला. हिरामणने दोन बोटांनी दोन बटणं दाबली आणि पिंग जागच्या जागी थांबलं. कंट्रोल सी म्हणजे तिथे "थांब" असं सांगणं. शेवटच्या ओळी अजून पडद्यावर जशाच्या तशा होत्या, पण हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, बिघडवलं. घाईघाईत त्याने वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली. खिडकी बंद झाली आणि अडीच तास हवेत विरले.

अक्षदाने समजूत घातली. म्हणाली, बाबा, पुन्हा सुरू करा, मी मोबाइलवर फोटो काढते. तिने काढलेला एक फोटो घेऊन तो कात्रपच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी तेजल म्हणजे मशिनीच्या पोटात हात घालून अडकलेला कागद बाहेर काढणारी पोरगी. तिने फोटो छापला. मशीन कण्हली आणि एक काळाकुट्ट कागद बाहेर आला, ओला, हाताला लागणारा. अक्षरं शाईत बुडून मेली होती. तेजलने सांगितलं, असे आणखी दोन छापले तर माझी मशीन बसेल. शिवाय एका फोटोत मावतात पंचवीस ओळी. हिरामणने हिशेब केला. अडीच तासांचे साडेतीनशेच्या वर फोटो. तेजल त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरींकडे बघायला लागली, म्हणजे आता उठा.

शुक्रवारी तो ठरवूनच बसला. आज चूक करायची नाही. फुलीला हात लावायचा नाही, कंट्रोलला लावायचा नाही. नुसतं लक्ष ठेवायचं आणि महेश जेवायला आला की त्याच्याकडून काढून घ्यायचं. आणि इथेच त्याची चाळीस वर्षांची सवय आडवी आली.

स्कोअर लिहिणारा माणूस वहीवर कायम एक बोट ठेवून असतो. शेवटच्या चेंडूवर. पाणी पिताना, शिंकताना, कुणी हाक मारली तरी बोट तिथेच. बोट उचललं की चेंडू चुकला. तर अकराच्या सुमारास विठाने चहा आणला. हिरामणने डाव्या हाताने कप घेतला आणि उजव्या हाताने, सवयीने, पडद्यावर शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणजे माउसचा बाण तिथे नेला आणि बटण दाबलं. जागा धरून ठेवली.

चहा झाला. त्याने बघितलं तर पडद्यावर आउट नाही. पाच मिनिटं नाही, दहा मिनिटं नाही. अर्धा तास नाही. शेवटची ओळ रिप्लायची आणि ती तशीच. त्याला बरंच वाटलं. लाइन काय शांत चालली आहे! आतून अक्षदाचं "हॅलो, हॅलो" दोनदा ऐकू आलं, तरी पडद्यावर एकही आउट नाही. सव्वाएकला महेश जेवायला आला. त्याने पडद्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"बाबा, हे हलत नाय."

"आउट पडला नाय तर कशाला हलंल?"

"रिप्लाय तरी यायला पायजे ना? सेकंदाला एक?"

हिरामणने घड्याळ बघितलं. दोन तास. दोन तास तो थांबलेल्या मॅचचा स्कोअर बघत बसला होता. महेशने हसू दाबलं नाही. म्हणाला, एवढा मोठा स्कोअरर आणि बॉलर घरी गेलेला कळला नाय. हिरामण स्टुलावरून उठला. त्याने मागच्या वायरी एकेक करून काढल्या, कॉम्प्युटरचा डबा पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घातला, पोतं खांद्यावर मारलं आणि चपला घातल्या. जेवला नाही.

चामटोली ते बदलापूर, बदलापूर ते अंबरनाथ, अंबरनाथ ते कॅम्प तीन, तीन शेअर रिक्षा. प्रत्येकीत पोतं त्याच्या मांडीवर. एका बाईने विचारलं, कोंबडे आहेत का? हिरामण म्हणाला, नाही, मॅच आहे. ती सरकून बसली.

कॅम्प तीनच्या गल्लीत, शिलाई मशिनींच्या खडखडाटात, दोन जीन्सच्या दुकानांमध्ये चिमटीत धरल्यासारखं जयदेव शेठचं दुकान. सिंधी माणूस, वय साठ, जुने कॉम्प्युटर घेतो, पुसतो, विकतो. महेशने इथूनच घेतलेला. शेठने पोतं उघडलं, डब्यातली पेंड फुंकरीने उडवली आणि स्वतःच्या पडद्याला जोडला. हिरामणने घडलेलं सगळं सांगितलं. बोट ठेवल्याचं सांगितलं तेव्हा शेठने चष्मा कपाळावर सरकवला.

"चाचा, यही तो बात है. उंगली रखा, खेल बंद." त्याने पिंग सुरू केलं, एका ओळीवर बाण नेऊन दाबलं. ओळी थांबल्या. "वर बघ. खिडकीच्या नावाच्या पुढे काय आलं? सिलेक्ट. म्हणजे ती समजते, हा माणूस काहीतरी निवडतोय, मी गप्प बसते. जोपर्यंत तू बोट काढत नाय, ती हलणार नाय. इज्जतदार खिडकी आहे."

"मग छापायला घ्यायचं कसं?"

शेठने शिकवलं, हिरामणने वहीत लिहून घेतलं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण. त्यातून एडिट. त्यातून सिलेक्ट ऑल. सगळी खिडकी पांढरी होते. मग कंट्रोल नाही, सी नाही, नुसतं एंटर. उचललं. मग नोटपॅड उघडून तिथे ओतायचं आणि पेन ड्राइव्हवर घालायचं. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि व्ही चालतं, तिथे जगाचा कायदा आहे. काळा रंग येत नाही, फक्त अक्षरं येतात. छापल्यावर पांढऱ्या कागदावर काळी.

"आणि एक," शेठ म्हणाला. "ही खिडकी विसरते. तिच्या डोक्यात ठरावीक ओळी मावतात. नवीन आली की सगळ्यात जुनी जाते. तुझ्यावाली तर तीनशेतच विसरत होती. मी वाढवतो." त्याने एका चौकोनात आकडे टाकले. नऊ, नऊ, नऊ, नऊ. "याच्या पुढे जागाच नाय."

म्हणजे गुरुवारी फुली दाबली नसती तरी हातात पाचच मिनिटं आली असती. हिरामणला जरा हलकं वाटलं. त्याने शेठकडून सगळं दहा वेळा करून घेतलं. वरची पट्टी, एडिट, सिलेक्ट ऑल, एंटर. अकराव्या वेळी शेठ म्हणाला, चाचा, आता माझंच दुकान तुझ्या पेन ड्राइव्हमध्ये जाईल. मग पोतं खांद्यावर आणि तीन रिक्षा परत.

शनिवारी अक्षदाची अर्धा दिवस ड्युटी होती. बरोबर साडेदहाला, घड्याळाचा मोठा काटा सहावर टेकताच, हिरामणने पिंग सुरू केलं. हात मागे बांधले आणि स्टुलावर बसला. उजव्या हाताचं बोट दोनदा शिवशिवलं. विठाने चहा आणला तो त्याने घेतला नाही. ती म्हणाली, कालपास्ना चहावर राग काय? आणि लेकराला अक्षदाच्या पुढ्यात ठेवून म्हशीला पाण्यावर न्यायला निघून गेली. रोजचंच. आउट पडले. आतून हॅलो हॅलो झालं. हिरामणने मान वळवली नाही.

एक वाजता त्याने वही समोर धरून एकेक पायरी केली. वरची पट्टी. एडिट. सिलेक्ट ऑल. पडदा पांढरा झाला. एंटर. नोटपॅड. ओतलं. ओळींचा धबधबा पडला, सगळ्यात वर पहिली ओळ, सगळ्यात खाली शेवटची. काही हरवलं नव्हतं.

दोन वाजता तो कात्रपला तेजलसमोर उभा होता. तिने फाइल उघडली आणि म्हणाली, काका, शंभराच्या वर पानं आहेत. हिरामण म्हणाला, असू देत, पण एका पानावर बरोबर साठ ओळी बसव.

"साठच कशाला?"

"साठ चेंडू म्हणजे दहा ओव्हर. साठ सेकंद म्हणजे मिनिट. एक पान, एक मिनिट."

तेजलने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. अक्षरं लहान-मोठी करत तिने साठ ओळी बसवून दिल्या. पानाखाली आकडा आपोआप येत होता. एकशे अठ्ठेचाळीस पानं. मशीन कण्हली नाही. गरम कागदांचा गठ्ठा छातीशी धरून तो रिक्षात बसला.

घरी येऊन त्याने लाल पेन घेतलं आणि ओसरीवर वाचायला बसला. एक ते चाळीस पानं, एकही आउट नाही. एक्केचाळीसाव्या पानावर पहिला. दहा तीस अधिक चाळीस, म्हणजे अकरा दहा. तीन आउट, एक रिप्लाय, दोन आउट, चार रिप्लाय, पुन्हा तीन आउट. मग स्वच्छ. पुढचं सगळं स्वच्छ, थेट पान एकशे एकोणतीसपर्यंत. आउटला लागणारा जास्तीचा वेळ धरला तर बारा चाळीसच्या जवळपास. तिथे पुन्हा तेच. तीन, थांबा, दोन, थांबा, तीन.

हिरामणने पेन खाली ठेवलं. बुधवारीही पावणेएकच्या आधीच पडले होते. आणि ही तीन-थांबा-दोनची चाल त्याच्या ओळखीची होती. बॉलरची नव्हती. इतकं जोर लावून, मग दम खाऊन, मग पुन्हा जोर लावून कोण काय करतं, हे तो रोज सकाळी धार काढताना पाठीमागून ऐकत होता. गोठ्याचा खांब तसाच कुरकुरायचा.

त्याने विठाला हाक मारली आणि म्हशीला पाण्यावर कधी नेते ते विचारलं. अकराला. आणते कधी? साडेबारा-पाऊणला. वाटेत थांबते का?

"थांबते ना. तो सनीनं लोखंडाचा खांब रोवलाय नं वाटंवर, त्याला पाठ घासते. त्याबिगर पुढं पाऊल टाकत नाय."

"रोज?"

"जाताना नि येताना."

"मना सांगितलं का नाय?"

"म्हशीचं कोनी इचारलं?" विठा म्हणाली. "सगली इंटरनेटचं इचारत व्हती."

म्हशीचं नाव करिष्मा. महेशनेच ठेवलेलं, ती पारडू असताना नाचायची म्हणून. खांबावर सनीचा जोडाचा डबा होता. त्यातली वायर सैल असणार. साडेपाचशे किलोचं धूड पाठ घासायला लागलं की खांब डोलत होता, आणि खांब डोलला की तिकडचा डॉक्टर तुटत होता.

हिरामणने निरोप धाडला आणि पाच मिनिटांत सनी आला. एकशे अठ्ठेचाळीस पानांचा गठ्ठा बघून त्याचा चेहरा पडला. दोन पानं उलटली, लाल खुणा बघितल्या आणि खुर्चीत बसला. म्हणाला, काका, मानलं तुला. लाइन माझीच जातेय, मी लिहून देतो की फॉल्ट आमचा होता आणि दुरुस्त केला. त्याने लेटरहेडही काढलं. अक्षदा दारात आली. दुकानातून परतलेला महेश आनंदाने बापाच्या पाठीवर थाप मारायच्या बेतात होता.

हिरामणने सनीच्या हातातलं पेन धरलं.

"थांब. चूक तुझी नाय. म्हशीची हाय. आमच्या."

त्याने पान एक्केचाळीस आणि पान एकशे एकोणतीस काढून शेजारी शेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सनीचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, उलट जास्तच उजळला. महेशने कपाळाला हात लावला.

"बाबा, तो सही करत होता. परत सहावा चेंडू?"

"सही घेतली असती," हिरामण म्हणाला, "आन सोमवारी अकरा दहाला करिष्मा परत घासली असती. मग त्या मॅडमला काय दाखवणार? सही?"

अक्षदा पुढे झाली. तिने दोन्ही पानं उचलून बघितली. म्हणाली, बाबांचं बरोबर आहे, मला कागद नको, लाइन हवी. ते ऐकल्यावर महेशने पसरलेली पानं गोळा करायला घेतली.

सनीने मात्र सोडलं नाही. लाइनवर जनावर घासणं म्हणजे कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, म्हशीला नोटीस काढतो, वगैरे बोलून घेतलं. हिरामणने सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं की गावच्या गुरांच्या वाटेत, गुरांच्या पाठीला सोयीचा खांब कुणी रोवला. सनीने खिशातले चारी मोबाइल एकेक करून तपासले. ठरलं असं: सनीने डब्यातली वायर घट्ट करायची, आणि करिष्माची सोय हिरामणने करायची.

रविवारी उजाडताच हिरामण आणि महेश, दोघांनी मिळून वाटेवर खांबाच्या अलीकडे पंधरा पावलांवर खड्डा घेतला. कमरेएवढा. त्यात आंब्याचा जुना, सालीचा, खरखरीत बुंधा उभा केला, दगड ठासले, माती ठोकली. महेश घामाघूम झाला. हिरामणने सालीला हाताने चाचपून बघितलं आणि स्वतःची पाठ एकदा घासूनही बघितली. छान लागत होतं. सनीने शिडी लावून जोड आवळला. त्यानेही नजर चुकवून बुंध्याला पाठ लावली, असं विठा सांगते.

साडेदहाला पिंग. अकराला विठा म्हशीला घेऊन निघाली. करिष्मा बुंध्यापाशी थांबली, तिने तो हुंगला आणि मग जी घासायला लागली ती वीस मिनिटं हलेना. लोखंडी खांबाकडे तिने बघितलंही नाही. येतानाही ती खांब ओलांडून बुंध्यापाशीच थांबली. हिरामण खांबापाशी पहारा देऊन उभा होता. एक वाजता घरी येऊन त्याने वही न बघता चारी पायऱ्या केल्या. वरची पट्टी, एडिट, सिलेक्ट ऑल, एंटर.

तेजलने रविवारी दुकान त्याच्यासाठी अर्धं उघडलं. एका पानावर साठ. दीडशे पानं. ओसरीवर बसून सगळ्यांनी वाटून घेऊन वाचली, अक्षदाने, महेशने, सनीनेही. एकोणनव्वदाव्या पानावर महेश थांबला. एक आउट. एकच. त्याने हळूच ते पान बापापुढे धरलं आणि म्हणाला, नोटपॅडमध्ये आहे ना, एक ओळ खोडून परत छापून आणतो, कुणाला कळतंय?

हिरामणने घड्याळाकडे बघितलं, मनात आकडे मांडले. दहा तीस अधिक अठ्ठ्याऐंशी. अकरा अठ्ठावन्न. लाल पेन घेऊन त्याने त्या ओळीसमोर सावकाश लिहिलं: "जोड घट्ट बसला का ते बघण्यासाठी मी वायर ओढून पाहिली. हिरामण." आणि सही केली.

मग सनीने लेटरहेडवर मजकूर लिहिला. लिहिण्याच्या बाबतीत तो फारच कायदेशीर माणूस. अक्षदाने ते पत्र आणि शनिवार-रविवारची खुणांची पानं स्कॅन करून प्रीती मॅडमला पाठवली.

सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. अक्षदाने ऐकलं, दोनदा "हो मॅडम" म्हणाली, फोन ठेवला आणि लेकराला मांडीवर घेतलं. ऐरोलीला जायचं नव्हतं. घरूनच काम करायचं. मॅडमने असा पुरावा याआधी बघितला नव्हता, असंही त्या म्हणाल्या. फक्त एक शंका त्यांनी विचारली होती, आणि फोन चालू असेपर्यंत अक्षदाने हसू कसंबसं दाबून धरलं होतं. आता तिला ते आवरेना.

सनीच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं: "सदर लाइनमध्ये करिष्मा यांच्याकडून दिवसातून दोन वेळा अडथळा येत होता. करिष्मा यांची अन्यत्र व्यवस्था करण्यात आली असून त्या तेथे समाधानी आहेत."

मॅडमने विचारलं होतं, बिचारीची नोकरी गेली नाही ना?